पेडल कडक होतं

मिस्त्री, आज तुमच्या जावयाची गाडी माझ्याकडे ब्रेकच्या कामाला आली होती. बरोबर काकूही होत्या. एरवी तुमची आठवण यायला मला निमित्त लागत नाही, पण आज त्या समोरच्या खुर्चीत तासभर बसून होत्या. त्या गेल्या आणि माझं कामात लक्ष लागेना, म्हणून शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय.

बिरवाडीच्या कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा मी तिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप होतो. पोलादपूरला तुमच्या गॅरेजात आलो आणि पान्ह्यांचे नंबर ओळखण्यापासून सुरुवात केली. मला भारी घाई. गाडी दारात लागली की मी चाक खोलायला धावायचो, आणि तुम्ही मात्र गिऱ्हाइकाला चहा पाजत बसायचात. "थांब रे. त्याला बोलू दे. पायाला काय लागतं ते इचार." करकर वाजतंय म्हणजे पॅड झिजून पत्रा घासतोय. गाडी एका अंगाला ओढतेय म्हणजे दुसऱ्या अंगाचा ब्रेक धरत नाही. पेडल स्पंजासारखं लागतंय म्हणजे नळीत हवा आहे. महाडचे एक वकील ब्रेक लागत नाही म्हणून तणतणत आले होते, आठवतं? तुम्ही वाकून पेडलखालून त्यांचीच चप्पल काढलीत आणि दोन्ही हातांनी त्यांना परत दिलीत. वकीलसाहेब पुढे वर्षभर त्या रस्त्याने गेले नसतील.

नळीतली हवा काढताना तुम्ही गाडीखाली आणि मी पेडलवर. "दाब... धर... सोड." आता माझा कारागीर खाली असतो, तोही हेच तीन शब्द बोलतो, पण "धर" मला तुमच्याच आवाजात ऐकू येतं. कितीदा तरी मी दार उघडून खाली वाकून बघितलंय. कारागीर हसतो. हसू दे.

तुमचे दोन नियम होते. एक, सील फोडलेली ब्रेक ऑइलची बाटली पुन्हा वापरायची नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसं हे तेलही आपल्या हवेतली ओल पितं, आणि वरून बघून काही कळत नाही. मला मात्र पाऊण भरलेली बाटली ओतून द्यायला जिवावर यायचं. दुसरा नियम, ब्रेकचं काम झालेली गाडी घाट चढून न्यायची आणि उतरताना गिअरवर न रोखता निव्वळ ब्रेकवर उतरवायची. ज्याने काम केलं त्याने शेजारी बसायचं. "त्याशिवाय हाताला भीती राहत नाय," म्हणायचात.

त्या दिवशी, भर श्रावणात, मी एका जुन्या गाडीचे ब्रेक केले. नवे पॅड टाकले, जुनं तेल काढलं, नवी बाटली भरायला घेतली, तर ती थोडी कमी पडली. फळीवर जूनपासून एक अर्धी बाटली होती, बूचही धड नव्हतं. तीच ओतली. पेडल दाबून बघितलं, कडक लागलं. तुम्ही चावी घेऊन म्हणालात, "बस." मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढं, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय." तुम्ही विचारलंत, "पेडल?" मी म्हणालो, "दगडासारखं हाय." दुसरं गिऱ्हाईक खरंच होतं, पण ते थांबलं असतं. मला उशीर झाला असता, एवढंच.

उतारावर चाकं तापली, तेलातलं पाणी उकळून नळीत वाफ झाली आणि पेडल तळाला गेलं असणार. तुम्ही दरीकडे जाऊ दिली नाहीत, डोंगराकडे वळवलीत. तुम्हाला दवाखान्यात हलवल्यावर मी घाटात गाडीपाशी पोचलो. जळका वास होता. हँडब्रेक वरपर्यंत ओढलेला होता. क्रेनवाला म्हणाला, गाडी ओढायची हाय, तो खाली कर. मी केला. नंतर पोलीस आले, त्यांनी पेडल दाबलं. तेल तोवर थंड झालेलं, पेडल पुन्हा कडक. ब्रेक ठीक आहेत, म्हाताऱ्याचा डोळा लागला, असं ठरलं. झोपलेला माणूस हँडब्रेक ओढत नाही, हे सांगायला मी एकटाच होतो, आणि मी गप्प बसलो. संध्याकाळी तुम्ही गेल्याचा निरोप आला. तेव्हाही गप्पच बसलो.

गाव तेव्हापासून तेच बोलतं. चांगला मिस्त्री, पण स्टिअरिंगवर झोपला. मी ऐकतो आणि माझा उजवा पाय आपोआप जमीन दाबायला लागतो. एसटीत बसलो तरी दाबतो. फोडलेली बाटली आता मी दुकानात ठेवत नाही. त्याचा तुम्हाला काय उपयोग?

आज काकूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "खरं सांग रे, त्यांचा डोळा लागला होता काय? इतकी वरसं ऐकतेय."

"नाय काकू. जागे होते ते. ब्रेकचं तेल उकळलं होतं. त्यांनी हँडब्रेकसुद्धा ओढला होता, मी बघितलाय."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि चक्क हसल्या. "मला ठाव होतं. गाडीत झोपणारा माणूस नव्हता तो." जावई चावी मागायला आला, त्याला हाताने थांबवलं आणि मला म्हणाल्या, "तेल कुणी भरलं होतं?"

मी हात पुसत होतो. पुसतच राहिलो. "आठवत नाय, काकू."

"असू दे," त्या म्हणाल्या. "किती वरसं झाली." जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सांगून गेल्या की ब्रेकचं काम असलं की माझ्याकडेच येणार, दुसऱ्या कुणावर भरवसा नाही.

मिस्त्री, हे पत्र खरं तर त्यांना लिहायला हवं होतं. त्यांना वाचता येतं. तुमच्या नावाने लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.