मागच्या गल्लीची वाट

आई, तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या आपल्या क्वार्टर्समधून स्टेशनला सरळ रस्ता होता, तरी तू मला मागच्या गल्लीतून, चिखलातून ओढत न्यायचीस आणि गाडी चुकली की माझ्यावरच ओरडायचीस. सरळ रस्त्यावर ती घरं होती. एका परदेशी विद्यापीठाच्या पाहणीसाठी तू तिथे दारोदार फिरून फॉर्म भरले होतेस, बायकांचं रक्त घेतलं होतंस. मला अजून दिसतं, मी तुझा पदर धरून उभी आहे, एक म्हातारी तुझ्या हातात ताकाचा पेला देऊन विचारते, "रिझल्ट एप्पो वरुम?" निकाल कधी येणार? तू तुझ्या नागपुरी तमिळमध्ये सांगतेस, "नाने वंदु सोल्ड्रेन, पाट्टी." मीच येऊन सांगते, आजी.

रक्त विमानाने गेलं, लेख तिकडे छापला गेला, इकडे कुणी काही कळवलं नाही. कॉलेजात असताना मी फणकारले होते, "तू साधी फॉर्म भरणारी, तुला कसली लाज?" तव्यावरची पोळी तशीच सोडून तू वळलीस. "शब्द त्यांनी नाही दिला, मी दिला." पोळी करपली. तू उगाच बाऊ करतेस, असं मला वाटलं होतं.

आता अड्यारच्या संशोधन संस्थेत माझ्या खोलीवर माझ्या नावाची पाटी आहे. आरोग्य संशोधनातला गोऱ्या साहेबाचा थाट गेला पाहिजे, अशी भाषणं ठोकते, टाळ्या घेते. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं तपासायचं काम एका परदेशी विद्यापीठाकडून आलं, तेव्हा करारात एकच कलम हट्टाने घातलं: निकाल आधी कामगारांना, मग छापायला. त्याच भरवशावर, पहिल्या चाचणीत नळीत फुंकून दमलेल्या एका बाईने तोच प्रश्न विचारला, तेव्हा मीही तुझंच उत्तर दिलं. तिकडचे लोक वाईट नाहीत गं, गोड बोलतात. छापून येईपर्यंत काही बाहेर नको, कलम काढा, नाहीतर काम दुसऱ्या शहरात नेऊ, एवढंच म्हणाले. माझ्याकडे कामाला असलेल्या मुलींचे चेहरे डोळ्यांसमोर आले. मी सही केली.

आज तू हवी होतीस, रागवायला तरी. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. काल कारखान्यावर गेले, तेव्हा ती बाई पुढच्या गेटपाशी उभी दिसली. मी ड्रायव्हरला गाडी मागच्या रस्त्याने घ्यायला सांगितली.