मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे

२ जून
संयोगिताला, माझ्या धाकट्या बहिणीला, नव्या गोळीच्या चाचणीत घेतलं. स्किझोफ्रेनिया बारा वर्षांचा. भास जुन्या गोळ्यांनी आटोक्यात, पण पंखा, कुकर, शेजारचा मिक्सर सगळं एकदम डोक्यात घुसतं. त्यापायी शिवणकेंद्र सुटलं. दिवाळीला परत मशिनवर बसायचंच, हा तिचा हट्ट. डॉक्टरीणबाईंनी कानात टिक-टिक ऐकवली. निरोगी मेंदू लागोपाठची दुसरी टिक सोडून देतो, तिच्याकडे लक्ष देत नाही; हिचा सोडत नाही. नवी गोळी मेंदूला ती सोडायला शिकवेल अशी आशा. फॉर्मवर 'तंबाखू?' मी ठामपणे 'नाही' लिहिलं. संयोगिता मिश्री लावते, पण ती दात घासायला असते.

४ जून
डॉक्टरीणबाईंना फोनवर सहज विचारलं. मिश्री हा भाजलेला तंबाखूच, म्हणाल्या. त्यातल्या निकोटिननंही मेंदू थोडा वेळ ती दुसरी टिक सोडतो, मग गोळीचा गुण कुठला ते कळत नाही. म्हणून तंबाखूवाले चाचणीत चालत नाहीत. मी म्हटलं, शेजारणीसाठी विचारत होतो.
उद्यापासून मिश्री बंद. तपासणी ३० तारखेला. भरपूर वेळ आहे.

५ जून
सकाळी मिश्रीची डबी लपवली. दुपारपर्यंत संयोगितानं पंखा, टीव्ही, फ्रिज बंद केला. मग मला खोलीबाहेर काढलं. वर्षाराणी, म्हणजे आमची सौ., म्हणाली, अहो, त्या डबीचं काय ते बघा, न्हायतर मी चालले आजऱ्याला माहेरी. डबी दिली. एकदम बंद करणं शास्त्रीय नाही. हळूहळू.

१२ जून
दिवसाला तीनदावर आणली. संयोगिता म्हणते पाचदा. कापड बेतणाऱ्या बाईचा अंदाज इतका चुकावा?
मीही दमलोय. त्याचा फॉर्म नसतो.

१९ जून
थक्क करणारी प्रगती! कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, हिनं मान वर केली नाही. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं: गोळी, आणि घरची शिस्त. वर्षाराणी म्हणाली, शिट्टीच्या आधीच डबी उघडलेली की तिनं. बायकोला विज्ञानाचं वावडं.

२४ जून
डबी रिकामी. मीच गेलतो दुकानात. शेवटचा पुडा. दुकानदार म्हणाला, पावणं, शेवटचा शेवटचा म्हणून तिसरा न्हेताय की. उद्धट माणूस.

२९ जून, संध्याकाळ
उद्या तपासणी. संयोगिताला बजावलं, बाईंशी मी बोलेन, तू गप्प बस. ती म्हणाली, दादा, आणि हा गोळीचा गुणच नसला तर? मशिनवर मी बसणार हाय, तू न्हाईस. भाबडी आहे.

३० जून
मी बाईंना घरची शिस्त समजावत होतो. नर्स काहीतरी विचारत होती, बाहेर नंबर पुकारत होते. संयोगिता म्हणाली, दादा, गप की जरा, मला बाईंचं ऐकू दे.
मग तिनंच त्यांना सगळं सांगितलं. मिश्री, दिवसाला पाचदा, आणून देणारा कोण.
चाचणीतून नाव कमी. जुन्या गोळ्या चालू. मिश्री सुटली तर पुढच्या गटात विचार करू, म्हणाल्या. पुढचा गट दिवाळीनंतर. संयोगिता म्हणाली, चालंल. पण गुण गोळीचाच पायजे, खरा.
बाईंनी विचारलं, पुढच्या वेळी सोबत कोण येणार? वहिनी, म्हणाली.
फाइल माझ्या हातात होती. तीही तिनं काढून घेतली.