शाईचा डाग पडलेली प्रत

प्रिय टाचणी,

तीन रात्री धड झोपले नाहीये, म्हणून अक्षर असं गिचमिड आलंय. तुझ्या दौतीचं अक्षर आणि गिचमिड, असं म्हणून तू हसशील. फोनवरच सांगणार होते. दोनदा नंबर लावला, तुझं ‘बोल गं म्हातारे’ ऐकलं आणि गुडघेदुखीचं काहीतरी बोलून फोन ठेवून दिला. हे वाचून तुला माझं तोंड पाहावंसं वाटेल की नाही, मला खरंच माहीत नाही. अठ्ठावन्न वर्षांची मैत्री पणाला लावून लिहितेय. तेव्हा मधेच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

माझं नवं पुस्तक आपल्या बोर्डिंगवर आहे, हे तुला ठाऊक आहे. घटसर्पाच्या साथीचं वर्ष, कुलूप घातलेलं फाटक, आजारी मुलींची वेगळी खोली. वाचणार बारा-तेरा वर्षांची मुलं. माझी संपादिका वयानं माझ्या सुनेएवढी. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, “मॅडम, साठ वर्षांपूर्वीचं म्हणजे मुलांना डायनासोरच्या काळातलं वाटतं. त्यांना इतिहास सांगू नका, टोचणारे मोजे द्या!” मला ते फार पटलं. माझी पद्धतही तीच ना, माणूस कल्पनेतला चालेल, पण त्याच्या कोटाचं बटण खरं हवं. प्रत्येक खऱ्या गोष्टीचं एक कार्ड करते आणि चपलांच्या खोक्यात ठेवते. दहापैकी सात प्रकरणं झाली होती. नायिका कोण, हे तुला सांगायला नको. भेटीच्या रविवारी बूट चकचकीत करून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसणारी, आणि संध्याकाळी कुणीच न आल्यावर ‘मला पोटात दुखतंय’ म्हणून अंथरुणात शिरणारी. सातव्या प्रकरणात ती आईचा फोटो फाडते. संपादिका वाचून रडली. मला, देवा, तेव्हा आनंद झाला होता.

शाळा बंद झाल्यावर तिचे सगळे कागद शहराच्या दप्तरखान्यात गेले. मंगळवारी मी गेले ती फक्त ट्रंकेतल्या सामानाच्या याद्या बघायला. किती पेटीकोट, किती रुमाल, एवढंच. पन्नास वर्षं उलटली की फाईल कुणालाही मिळते, असा तिथला नियम. दप्तर सांभाळणाऱ्या बाईंनी आपल्या वर्षाचा गठ्ठा पुढ्यात ठेवला आणि त्यात तुझं नाव दिसलं. याद्या राहिल्या बाजूला. तुझ्या प्रवेशाच्या कागदावर तुझ्या वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मुलीच्या आईने घर सोडले आहे. तिला भेटू देऊ नये. पत्रे देऊ नयेत.’ खाली सही, आणि सहीखाली आपल्या शाळेच्या मुख्य मदरची सही.

त्याच्या मागे पत्रं होती, टाचणी. तेवीस. तुझ्या आईची. महिन्याला एक, जवळजवळ दोन वर्षं. सगळी नीट उघडलेली, तारखेप्रमाणे लावलेली, आणि एकही तुला दिलेलं नाही. ‘तुझे दात पडायला लागले असतील, कुणी दोरा बांधून ओढू देऊ नकोस.’ ‘मला शिवणाच्या कारखान्यात काम मिळालंय, तुला लाल कोट शिवतेय, माप अंदाजानं घेतलंय.’ मी खुर्चीत बसल्या बसल्या हुंदके द्यायला लागले. दप्तरखान्याच्या बाई चष्म्यावरून बघून म्हणाल्या, “रडायचं असेल तर बाहेरच्या बाकावर, बाई. कागद भिजतो.” बाहेर गेले, डोळे पुसले, परत आले. तेव्हाच निघून यायला हवं होतं असं अजून वाटतं.

अकराव्या आणि बाराव्या पत्राच्या मधे एक वेगळाच कागद होता. शाळेचा, रेघांचा, खालच्या कोपऱ्यात शाईचा मोठा डाग. ‘प्रिय आई, मी इथे सुखात आहे. तू भेटायला येऊ नकोस. तू आलीस की माझे अभ्यासात लक्ष लागत नाही. तू आली नाहीस तर मला जास्त आवडेल.’ खाली तुझं नाव. तू तेव्हा सात वर्षांची होतीस, तुला जोडाक्षरं लिहिता येत नव्हती. मी ते अक्षर बघितलं आणि टेबलाची कड घट्ट धरली. ते माझं आहे.

शनिवारची पत्रांची खोली आठवते? लहान मुलींची पत्रं वाचता येत नाहीत, म्हणून सिस्टर ती मोठ्यांकडून ‘नीट उतरवून’ घ्यायची. मी नऊ वर्षांची, पण सगळ्यात सुंदर अक्षर माझं, म्हणून मीच कायमची दौत. सिस्टरनं पेन्सिलीनं लिहिलेला मजकूर समोर ठेवायचा, मी निळ्या शाईनं उतरवायचा. डाग पडला तर पुन्हा. मला आठवतंय गं, डाग पडल्यावर मी रडले होते, आणि दुसरी प्रत निर्दोष निघाल्यावर सिस्टरनं माझ्या गालाला हात लावला होता. मजकूर काय होता, ते आठवत नाही. वाचलाच नव्हता असं म्हणावंसं वाटतं. पण मी नऊ वर्षांची होते, टाचणी, चार नाही. मला वाचता येत होतं. मी फक्त वेलांट्या बघत होते. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, पायरीवर तुझ्याशेजारी बसून तुला म्हणाले होते, “असू दे, माझी आई आपल्या दोघींची.” केवढी मोठी वाटले होते मी स्वतःला!

बाराव्या पत्रात तुझ्या आईनं लिहिलंय, ‘किती छान अक्षर झालंय तुझं! शेजारच्या बाईंना दाखवलं. तू नको म्हणतेस, तर मी फाटकाशी येणार नाही. पण भेटीच्या रविवारी समोरच्या फुटपाथवर, टपालपेटीजवळ उभी राहीन. तुला वाटलं तर खिडकीशी ये. नाही आलीस तरी मी रागावणार नाही.’ पुढची अकरा पत्रं त्या फुटपाथची आहेत. ‘आज ऊन होतं.’ ‘आज वरच्या खिडकीत कुणीतरी होतं, तूच असशील.’ आपण त्या वेळी जिन्यात बसायचो. जिन्याला खिडकी नव्हती.

घरी येऊन सातवं प्रकरण फाडलं. संपादिकेला कळवलं. ती म्हणाली, “मॅडम, पण तेच तर सगळ्यात खरं वाटत होतं!” तिला काय सांगणार? मी आयुष्यभर पोरांसाठी बटणं मोजत बसले आणि तुझी सगळी गोष्ट मीच लिहिलेल्या एका कागदावर उभी होती. पुस्तक होवो न होवो, त्याचं मला आता काही वाटत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या महिन्यात तुला त्या वृद्धाश्रमातून फोन आला होता. तुझी आई तिथे आहे, नव्वदीला आलीय, आणि मेट्रन म्हणाली की त्या ‘या’ असं म्हणत नाहीत, फक्त विचारतायत, तिला चालणार असेल तर मी एकदा भेटू का. तू मला चिडून सांगितलंस, “बघ, साठ वर्षांनीसुद्धा परवानगी मागतेय! आईला परवानगी लागते?” तू नाही म्हणून कळवलंस आणि मी म्हणाले, शाब्बास. अगं, तिला येऊ नकोस म्हणून कळवलेलं होतं. माझ्या हातानं, तुझ्या नावानं. ती अजून तेच पाळतेय. पत्रांच्या नकला सोबत ठेवल्या आहेत, पण त्या वाचत बसू नकोस. आधी मेट्रनला फोन कर आणि सांग की चालेल. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तिथून परत आल्यावर ठरव.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
दौत