चाचणीला दारावरचं नाव

१ मार्च

आलो एकदाच्या बल्गेरियाच्या या टोकाला, रुसेला! मी, माझी सात वर्षांची लेक ______, दोन बॅगा आणि आईनं दिलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या चार बरण्या. खिडकीतून डॅन्यूब नदी दिसते, म्हणजे मान बरीच वाकडी केली तर. सकाळी लेकीनं माझ्या मनगटावर एक मार्चच्या रीतीप्रमाणे लाल-पांढरा दोरा बांधला. ओठ दातांत धरून, एकावर एक तीन गाठी. झाडाला मोहोर दिसेपर्यंत काढायचा नाही, अशी तंबीही दिली.

कंपनी इवलीशी: मालक रादको आणि आता मी. आमचा प्रोग्रॅम खेड्यांतली औषधदुकानं वापरतात. तिथले संगणक जुनाट, म्हणून त्यांचे इन्स्टॉलरही वीस वर्षांपूर्वीच्या साधनांवरच बनवायचे. ते काम ल्युबेनकाका करायचे. जानेवारीत ते गेले. इमारतीच्या दारावर गेलेल्या माणसांच्या नावांच्या, काळ्या चौकटीतल्या पाच-सहा चिठ्ठ्या आहेत, त्यांत त्यांचीही. त्यांच्या टेबलावर कॉफीचे दोन कप होते. दुसरा कोणाचा, म्हणून विचारलं, तर रादको म्हणे, कोणाचा असणार, काका जन्मभर एकटेच.

४ मार्च

शिकतेय. इन्स्टॉलर म्हणजे सामानाची यादीच: कोणती फाइल, कुठं ठेवायची, तिच्यावर आणखी कोण अवलंबून आहे. प्रोग्रॅम काढताना सामाईक फाइल आली की तो थांबून विचारतो, ही आता कोणालाच लागत नाही, काढू? आज मी एक फाइल यादीत घ्यायलाच विसरले. रादको हसत सुटला. म्हणाला, "बाई गं, पेटारा पाठवलास नि किल्ली घरीच ठेवलीस!"

काकांच्या वहीत पहिल्याच पानावर दोनदा अधोरेखित केलंय: चाचणीत नाव विचारेल. दारावरचं घे. जिवंत माणसाचं नको. म्हणजे काका मेलेल्यांची नावं घालायचे! रादको म्हणे, म्हातारा अंधश्रद्धाळू होता, तू हवं ते लिही.

९ मार्च, दुपार

जमलं! एकही चूक न दाखवता इन्स्टॉलर तयार झाला. पहिल्या चौकटीत नाव विचारतो. नाव लिहिल्याशिवाय ‘पुढे’चं बटण उजळत नाही. मेलेल्या माणसाचं नाव लिहायला हात धजेना. लेकीचं लिहिलं, ______. शाळेतून आली की पडद्यावर नाव बघून नाचेल. प्रोग्रॅम बसला. मग चाचणीचा दुसरा भाग, सगळं काढून टाकणं. ‘कोणालाच लागत नाही, काढू?’ अशा चौकटी एकामागून एक येत होत्या. नेहमीच्या सवयीनं मी ‘सगळ्यांना होय’ दाबलं. शेवटची चौकट मिटता मिटता त्या फाइलचं नाव वाचलं: आई.

काकांची थट्टा असणार. चार वाजलेत, तिला आणायला निघते.

९ मार्च, संध्याकाळ

तिच्या बाई म्हणतात, अशी मुलगीच वर्गात नाही. एकवीस मुलं, एकवीस खुर्च्या. मी ओरडले, भांडले, प्रत्येक वर्गात डोकावले. शिपायानं हाताला धरून बाहेर काढलं.

घरात एकच पलंग आहे. एकच टूथब्रश.

मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

१० मार्च

मागची पानं उलटली. तिचं नाव मी शाईनं लिहिलं होतं. तिथं कोरी जागा आहे. आत्ता पुन्हा लिहिलं, ______, आणि डोळ्यांदेखत —

आईला फोन केला. तिनं विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं, आई, मी. ती म्हणाली, मला मूलबाळ नाही हो, आणि फोन ठेवला.

नाव अजून आठवतंय. घोकतेय. मोठ्यानं.

११ मार्च

काकांच्या वहीचं शेवटचं पान. आधी का नाही पाहिलं! ‘काढलेलं परत बसवता येतं. नाव तेच, बरोब्बर हवं. मला तिचं आठवलं नाही.’

दोन कप.

ऑफिसला धावले. रादकोनं दार अर्धंच उघडलं. विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" मी म्हटलं, अरे, मी, पेटाऱ्यावाली, किल्लीवाली — तो सभ्यपणे हसला. इथं मी एकटाच काम करतो, म्हणाला. दार लावलं.

वाटेत घोकत होते. एका वळणावर ट्रॉलीबसनं भोंगा वाजवला नि नाव — नाही, आठवलं. आठवलं.

१२ मार्च

रादको जेवायला गेला. मागल्या दारानं शिरले. ही डायरी सोबत. यंत्र चालू.

नाव विचारतंय.

‘पुढे’ अजून मंदच.

मनगटावर लाल-पांढरा दोरा आहे. तीन गाठी. एका हातानं अशा गाठी मारता येत नाहीत, मी करून पाहिलं — कोणीतरी मारल्यात. इवल्या बोटांनी. ओठ दातांत धरून. या डायरीत पहिल्या पानावर लिहिलंय तसं.

जिन्यात पावलं. रादको —

होती. माझी होती. मी तिला स्वयंपाकघरातून हाक मारायचे, रोज, दूध उतू जाताना — तोंड उघडायचे आणि — पहिलं अक्षर —