अस्तराचे हातमोजे

मंगळवार, ४ मार्च
झाली माझी निवड! म्हणे प्रयोग. कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या आम्ही सहा जणी, त्यात माझे हात सगळ्यांत वाईट. म्हणून आतून सुती अस्तर असलेले नवे हातमोजे फक्त मला. तीन आठवडे घालायचे, दर मंगळवारी नर्सबाई हात तपासणार. गुण आला तर सगळ्यांना मिळतील. शेजारच्या सिंकवरची तोफ – आवाजावरून नाव पडलंय – म्हणाली, "नीट घाल हो महाराणी, आमचं सगळं तुझ्यावर!" तिच्याही बोटांच्या भेगांतून रक्त येतं.

गुरुवार, ६ मार्च
साध्या रबरी मोज्यांत घाम साचायचा, वर मनगटातून साबणाचं पाणी शिरायचं. हात दिवसभर त्यातच शिजायचे. अस्तर घाम टिपतं. ओलं झालं की बदलायचं, बस्स!

मंगळवार, ११ मार्च
नर्सबाईंनी दोन्ही हात हातात घेतले. एकेक बोट दिव्याखाली उलटंपालटं करून पाहिलं. पाच मिनिटं तरी! "इथे दुखतं का हो?" हे जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून माझा हात कोणी धरला नव्हता. लेक फोन करते, पण फोनच तो. डोळे भरून आले. डोळ्यांत साबण गेला, असं म्हणाले मी.

मंगळवार, १८ मार्च
भेगा मिटल्या. "छान! पुढचा मंगळवार शेवटचा. बऱ्या हातांचं काय तपासायचं?" दोन मिनिटांत उरकलं. घरी येऊन नुसती बसून राहिले. दिवासुद्धा लावला नाही.

शुक्रवार, २१ मार्च
काढले मोजे. मागच्या सिंकवर, कोणी नसताना. उघड्या हातांनी टोप घासले, वर भांड्यांची पावडर हातांना चोळली. नुसती आग! अक्कल गहाण ठेवली की काय मी? उद्याही काढणार.

मंगळवार, २५ मार्च
नर्सबाई चपापल्या. "अहो, हे काय झालं?" कितीतरी वेळ हात सोडले नाहीत. फुंकर घातली! किती बरं वाटलं.

शुक्रवार, २८ मार्च
मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. "नवे मोजे बाद. हिचेच हात बघा." मला वाटलं होतं, तपासणी तेवढी वाढेल. तीही बंद. आता सहाही जणींना तेच जुने रबरी. खरं सांगायला तोंड उघडलं – आणि जुने मोजे उचलून सिंककडे गेले.

शनिवार, २९ मार्च
जेवणाच्या सुट्टीत तोफेने माझे हात मांडीवर घेतले. स्वतःसाठी आणलेलं मलम सगळं मला चोळलं. "मेल्यांनी तुझ्यावर प्रयोग केला गं!" म्हणाली. मी हात काढून घेतले नाहीत.