सूर्यास्ताचा माथा

रविवार, अमरावती

सकाळी श्रद्धा म्हणाली, "तुले नकाशे समजतात. मी अन् रोहन कोकणात सायकलनं चाललो, ट्रिप आखून दे ना." रोहन तिच्या कॉलेजातला. तेच कॉलेज मी अर्ध्यात सोडलं. समुद्र कधी पाहिला नाही, तरी रस्ता आखला. काहून? तिनं मागितला म्हणून. वाटेत टेकडीचा एक माथा होता, समुद्रावरचा सूर्यास्त दिसणारा. तो मुद्दाम गाळला अन् दोघांना हायवेवर घातलं.

संध्याकाळी तिचा फोन. "काबे, यात समुद्र कुठी हाये?"

"चढ नको म्हणून..."

"चढाले मी भेते काय? चिखलदऱ्याचा घाट तुह्यासंगंच तं चढली होती. रोहनच धापा टाकते."

धापा टाकते! माथा परत घातला. वर जायला दोन रस्ते आहेत. मी खड्या चढाचा निवडला. सूर्य बुडेल तेव्हा माथ्यावर ती एकटीच असेल.