हेदपाड्याची शीव

गुरुवार, २० नोव्हेंबर

नवी नोकरी, नवी वही आणि चक्क नवी बोट! मोखाड्याच्या बाजारातून वांगी, मिरच्या आणि सुकी मासळी घेऊन दुपारी धरणाच्या काठावर पोचले. नाशिकच्या हॉटेलात काउंटरमागे उभी राहून माझ्या पायांचे खांब झाले होते. इथे खुर्ची हलते, पण बसायला तरी मिळते.

काम असे: धरणाच्या फुगवट्यात तीन दिवसांची सफर, मुक्काम बोटीतच. पर्यटक डिसेंबरात येतील. त्याआधी रंगीत तालीम म्हणून आम्ही तिघेच निघालो. मी मॅनेजर, सुकाणूवर नवसूदादा आणि स्वयंपाकाला साखरशेतची चंदना. निरोप द्यायला ऑफिसातला उमेश धक्क्यावर आला होता. तोही नाशिकचाच, माझ्यासारखा नवखा, आणि माझ्यासारखाच सगळे कळते अशा थाटात वावरणारा.

पाणी इतके शांत की डोंगर दोनदोन दिसतात. चंदनाने नाचणीच्या भाकरी आणि मासळीचे आंबट केले. मी इतके जेवले की तिनेच हात आखडता घेतला. नवसूदादा बोलत नाही, विचारले तर हसतो. रविवारी माझा नवरा रूपेश आमच्या लेकीला, ओवीला घेऊन बोट बघायला येणार आहे. आठ वर्षांची झाली तरी फोनवर अजून बोबडे बोलते, मुद्दाम. तिला पहिली फेरी मी कबूल केली आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी बगळे, धुके, चहा. मग वाद.

पुढे दोन टेकड्यांमधून सरळ वाट दिसत होती. डावीकडच्या टेकडीवर लाकडी खांब, त्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. नवसूदादाने तिथून बोट वळवली आणि अख्ख्या डोंगराला वळसा घालायला निघाला. अर्धा दिवस वाया! कारण विचारले तर त्याने खांबाला हात जोडले. शेवटी चंदनाने सांगितले.

तो खांब म्हणजे वाघदेव, हेदपाड्याची शीव. हेदपाडा आता पाण्याखाली आहे. नवसूदादाचे गाव. इकडे पेरणीआधी भगत गाव बांधतो, म्हणजे मंत्राने शीव बंद करतो, रोगराई आत येऊ नये म्हणून. त्या दिवशी दळण नाही, कांडण नाही, आवाज नाही. आतल्याने बाहेर जायचे नाही. बाहेरचा चुकून आत आला तर गाव मोकळे होईपर्यंत त्यालाही राहावे लागते. धरण झाले त्या वर्षी बाकीचे लोक नव्या वस्तीत गेले होते. तुका भगत, म्हणजे नवसूदादाचा बाप, थोड्या घरांना घेऊन शेवटचे एकदा गाव बांधायला परतला. त्याच रात्री पाणी चढले. कोणी शीव ओलांडली नाही. नवसूदादा तेव्हा वीटभट्टीवर होता, म्हणून उरला. गाव मोकळे करायला भगतच राहिला नाही.

वाईट वाटले, खरेच वाटले. पण म्हणून पर्यटकांना अर्धा दिवस उन्हात फिरवायचे? मी म्हटले, हातच्या काकणाला आरसा कशाला, जाऊन बघू. चंदनाने भांडी गोळा केली आणि काठावर उतरली. म्हणाली, "ताय, मी पायी जाईन. माझी पोर हाय घरी." नवसूदादा एवढेच बोलला, "आत जाता येल, ताय. मंग?"

मी हसले. टेकडीवर जेमतेम रेंज होती. नकाशावर खांबाजवळून बाण काढून रूपेशला आणि उमेशला पाठवला: हा जवळचा रस्ता, रविवारी ओवीला इथूनच आणू.

माझ्या हट्टापायी दुपारी आत आलो. सुंदर आहे. पाणी काचेसारखे. फक्त इंजिन चालू असून त्याचा आवाज येत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

बाहेर पडता येत नाही. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

इंजिन चालते, मागे फेस उठतो, खांब जवळ येतो आणि तिथेच राहतो. पुढे जातच नाही. दुसऱ्या टोकालाही तेच. वल्ही मारून पाहिली. मी स्वतः काठाकडे पोहून पाहिले. हात गळून जाईपर्यंत पोहले, डोके वर काढले तर बोट शेजारीच.

काठ हाकेवर आहे. गुरे चरताना दिसतात. चंदना परत आली आहे. हातवारे करून ओरडते, तोंड हलते, आवाज येत नाही. माझाही तिला जात नसावा. मला फार भीती वाटते आहे.

खाली पाहू नको असे नवसूदादा म्हणाला. पाहिले. घरे आहेत. छपरे कोरडी आहेत. ओट्यांवर माणसे बसली आहेत, गप्प, सणाच्या दिवशी जेवायला कोणासाठी थांबावे तशी. सगळी वर बघतात.

नवसूदादा एका म्हातारीकडे बघत राहिला. "माझी आय," म्हणाला.

रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळ

नवसूदादा बोटीत नाही. उडी मारली असती तर पाणी हलले असते. खाली म्हातारीशेजारी बसला आहे. त्याच ओट्यावर, त्याच्या पलीकडे जागा सोडली आहे.

मी खाली बघणार नाही —

दुपार

होडी. छोटी होडी येते आहे. उमेश चालवतो — रूपेश — पुढे पिवळा फ्रॉक, ओवी —

माझा नकाशा. माझाच बाण.

चंदना काठाने धावते, दोन्ही हात हलवते. ऐकत नाहीत. मला पाहिले आहे त्यांनी. मी हातांनी नको नको केले — ओवी उड्या मारून हात हलवते — तिला वाटले मी बोलावते —

हात खाली केले. मागचे पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिले, येऊ नका. डोक्यावर धरले.

थांबले. देवा, थांबले. खांबाच्या पलीकडे, बाहेरच.

रूपेश पानाकडे बोट दाखवतो. ओवीने डोळ्यांवर हात धरला आहे. एवढ्या लांबून अक्षर लागत नाही तिला — ती उमेशला काही सांगते — वाचायला होडी आणखी पुढे —

खाली ओट्यावर सगळी सरकून बस